बुबू, राबियाची परीक्षा नव्हती

बुबू,

तुला दफन केल्यावर तिसऱ्या दिवशी, तुझ्या जियारतीला, मी एकटाच आलो. ओट्यावर बसलेल्या बायांनी एकेकीनं विचारलं, "सलीम, पोरीला नाय आणलास?" आणि मी एकेकीला सांगत गेलो, परीक्षा चालू आहे, शाळा सोडत नाही. भावजी माझ्या खांद्यावरून पाखाडीच्या पायऱ्यांच्या खालच्या टोकाकडे बघत राहिले, मागून अजून कुणी चढून येतंय का म्हणून. परीक्षा नव्हती, बुबू. राबिया त्या दिवशी बहरीनला, हूऱ्यातल्या आमच्या घरी बसून चित्रं रंगवत होती.

तू कशानं गेलीस, किती दिवस अंथरुणावर होतीस, हे गावाला ठाऊक आहे. ते मी लिहीत नाही. जे माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही असं मला इतकी वर्षं वाटत होतं, ते लिहितो. माझी पत्रं तू ओळीवर बोट ठेवून वाचायचीस, चौथीपर्यंतच्या मराठीवर. म्हणून तशाच मराठीत लिहायचा प्रयत्न करतोय. अवघड शब्द घालून लपायची मला सवय आहे, ती तू ओळखायचीस.

राबियाला न आणण्याचं कारण एवढंच. तुझ्या दारात तिचं पाऊल पडलं असतं तर बायांनी तिला पोटाशी धरून गळा काढला असता, "आईवेगळी झालीस गो." आणि तिनं वळून माझ्याकडे बघितलं असतं. त्या एका बघण्याला घाबरून मी, तुझ्या सख्ख्या धाकट्या भावानं, तुझ्या लेकीला तुझ्या जियारतीपासून दूर ठेवलं. सगळ्या गावाला माहीत आहे ती कुणाची. तिला सोडून सगळ्यांना.

आखाती युद्ध संपून थोडे महिने झाले होते. मी खिडक्यांच्या काचांवरच्या चिकटपट्ट्या खरवडून सुट्टीवर आलो होतो. आमच्या लग्नाला नऊ वर्षं झालेली, तीनदा आशा लागून तीनदा विझलेली. नसीम तुझ्या पडवीत सूप घेऊन तांदूळ निवडत होती, तू भाकरी थापत होतीस आणि तुला सहावा महिना होता. तू वर न बघताच म्हणालीस, "ह्या वक्ताचा पोर तुमचा."

नसीमचं सूप हवेतच राहिलं. मी म्हणालो, "भावजींना विचारलंस?"

"त्यांनीच इषय काढला आधी. मी काय एकटी मालकीन हाय काय, उठून देऊन टाकायला?" आणि भाकरी उलटत नसीमला, "रडू नको गो, तांदळात पानी पडंल."

तुझ्या घरात काही कमी होतं म्हणून तू दिलीस असं नाही. इथे काही जणांना मी तसं भासवलं आहे, तेही आज कबूल करतो. तुला तीन मुली होत्या, चौथी जड नव्हती. माझं घर रिकामं आहे हे तुला बघवत नव्हतं. लहानपणी मला कडेवर घेऊन ओहोटीच्या वेळी खाडी पार करायचीस, तुझा परकर गुडघ्यापर्यंत चिखलात आणि माझे पाय कोरडे. तसंच हे. चिखल तुझ्याकडे, कोरडे पाय माझे.

राबिया चौदा महिन्यांची झाल्यावर, तिचं दूध सुटल्यावर, आम्ही तिला न्यायला आलो. मौलवीसाहेब आले, चहा प्यायले, म्हणाले, मामापुढे भाचीला पडदा नाही, तेव्हा वाढवायला कसलीच अडचण नाही. फक्त बापाचं नाव बापाचंच राहायला हवं, ते बदलायचं नाही. आपल्यात दुसऱ्याचं मूल असं कितीतरी घरांत वाढतं. नाव मात्र कुणी हलवत नाही. ते गेल्यावर तू मला पडवीत बसवलंस.

"आयक. तुला अब्बा म्हनंल, नसीमला अम्मी म्हनंल, माजी ना नाय. मला आई म्हनंल. आनि समज आली की तू तिला सांगायचास. दुसऱ्या कुनी नाय. मी पन नाय. तुज्या तोंडून तिला कळलं पायजे, म्हंजे तिला तुजा राग येनार नाय."

तुला माझी काळजी होती, बुबू. लेक देताना तू माझी सोय बघत होतीस.

दोन दिवसांनी बॅगा भरताना तू पासपोर्ट मागितलास. राबियाच्या फोटोवर हात फिरवलास, डोळे केवढे आलेत म्हणालीस. मग पान उलटून एका ओळीवर बोट ठेवलंस. "हितं काय लिवलाय?" ते तिचं नाव होतं, मी वाचलं. "आनि हितं? बापाचा नाव खंय हाय?" मी तुझं बोट धरून खालच्या ओळीवर नेलं आणि भावजींचं नाव वाचलं, "हुसैन."

तिथे हुसैन नव्हतं. तिथे माझं नाव होतं.

मी त्या कामातला माणूस आहे. मनाम्यातल्या कचेरीत गेली वीस वर्षं मी फॉर्म टाइप करतो. कुणाची बायको आणायची आहे, कुणाचा मुलगा, कुणाचं रेसिडेन्सीचं नूतनीकरण. नाव, वडिलांचं नाव, स्पॉन्सरशी नातं. फॅमिली व्हिसावर मुलगी आणता येते, भाची आणायची तर काय करावं लागतं हे मी कुठे विचारलं नाही. मुंबईच्या एजंटानं दुसरा जन्मदाखला करून आणला, त्यावर मी बाप. मनाशी म्हटलं, व्हिसापुरतं आहे, पुढे दुरुस्त करू. इतरांच्या फॉर्ममध्ये एक अक्षर चुकलं तर अख्खा कागद फाडून पुन्हा टाइप करणारा मी, हे मात्र पुढे करू म्हणालो.

आणि खरं सांगू का, व्हिसा ही अर्धीच गोष्ट. राबिया आल्यानंतर पंधरा दिवसांनी कचेरीतला जासिम, आमची सरकारी कागदपत्रं घेऊन फिरणारा बहरीनी, दारातूनच ओरडला, "या अबू राबिया!" इथे माणसाला त्याच्या पहिल्या मुलाच्या नावानं हाक मारतात, राबियाचा बाप. तोवर मला सगळे नुसतं सलीम म्हणत. ज्याला मूल नाही त्याला हे लोक काय म्हणणार? संध्याकाळी नसीमला सांगितलं तर ती म्हणाली, "मग मिठाई नाही आणलीत?" मी परत खाली उतरून मिठाई आणली. त्या दिवशी ठरलं, बुबू. कागदावर नव्हे, माझ्या आत. ते नाव मी आता कुणाला परत देणार नव्हतो.

नसीमला दोष देऊ नकोस. तिनं तुझा फोटो स्वयंपाकघरात कपाटाच्या दारावर लावला होता. भरवताना रोज विचारायची, "ही कोण?" आणि राबिया तोंडात घास ठेवून म्हणायची, "आई." मग ती केजीत गेली. एके दिवशी बाईंनी मला थांबवलं. राबिया म्हणते तिला दोन आया आहेत, एक इथे आणि एक कपाटावर. बाई चांगल्या होत्या, हसत होत्या, सहज विचारत होत्या. मी म्हणालो, "माझी बहीण. फार लाडकी आहे हिची." घरी आलो आणि फोटो काढला. नसीमनं विचारलं, "का?" मी म्हणालो, "शाळेत प्रश्न येतात. उद्या कागदांपर्यंत जाईल." ती म्हणाली, "शाळेला काहीही सांगा. पोरीला का खोटं?" मी आवाज चढवला. आठवडाभर ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. पण फोटो परत लागला नाही, आणि महिन्याभरात तू 'आई'ची 'फुफू' झालीस. बापाची बहीण. एक खोटं नाव सांभाळायला दुसरं नातं बदलावं लागलं, इतकं सोपं होतं ते.

व्हिसाचा अधिकारी आमच्या स्वयंपाकघरात येऊन कोण कुणाला काय म्हणतं हे ऐकत नव्हता. घरात खरं बोलायला मला कुणी अडवलं नव्हतं. ही सबब मी इतकी वर्षं वापरली, आज खाली ठेवतो.

शुक्रवारी नमाजनंतर फोन लावायचो, तुझ्या शेजारच्या घरी, आणि तू धावत यायचीस. तुझा दम लागलेला ऐकू यायचा. राबिया तुझं सगळं समजायची, पण उत्तर इंग्रजीतून द्यायची. सगळीच पोरं इथे तशी. मग तू म्हणायचीस, "सलीमला दे गो फोन, काय बोलली ता सांगू दे." आणि मी सांगायचो. सुरुवातीला खरंच सांगायचो. मग त्यातलं थोडं गाळायला लागलो. "तू कधी येणार बहरीनला?" असं ती विचारायची, मी सांगायचो, "बरी आहेस का विचारते." एवढ्यानंही तू खूश व्हायचीस.

ती सहा वर्षांची असताना आम्ही आलो ती सुट्टी. महिन्यातले आठच दिवस मी तुझ्याकडे ठेवले, बाकी मुंब्र्याला नसीमच्या माहेरी. आल्यापासून मी राबियाच्या मागे मागे. कुणी बाई तिच्याशी जास्त वेळ बोलायला लागली की मी तिथे. तू बघत होतीस. चौथ्या दुपारी ती तुझ्या मांडीवर डोकं ठेवून आडवी झाली होती, तू तिच्या केसांतून बोटं फिरवत होतीस, आणि ती मला इंग्रजीत म्हणाली, अब्बा, तुम्ही आणि अम्मी मुंब्र्याला जा ना, मी फुफूकडे राहते, शाळा सुरू होईपर्यंत.

"काय म्हनतेय माजी बाय?"

मी म्हणालो, "उकडतंय म्हणते. मुंब्र्याला कधी जायचं विचारते."

राबियाला तुझी बोली कळायची, माझी मराठीही कळायची. तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तिला वाटलं असेल, अब्बांना नीट ऐकू आलं नाही. तिनं डोकं परत तुझ्या मांडीवर टेकवलं. तू हळूच तिचं डोकं उशीवर ठेवलंस, आत गेलीस, विंझणा घेऊन आलीस आणि दुपार कलेपर्यंत तिला वारा घालत बसलीस. हात दुखला की हात बदलायचीस. मी समोर पेपर धरून बसलो होतो. एवढं झाल्यावरही माझ्या तोंडून खरं निघालं नाही. उद्या निघायचं का, असं तूच विचारलंस, "पोरीला उकडतंय तर कशाला हाल." आणि आम्ही निघालो. आठ ठरवले होते, त्यातलेही तीन दिवस मी खाल्ले.

आपलं शेवटचं भांडण तुला आठवत असेल. भांडण म्हणजे काय, तूच बोललीस. आवाज खोल गेला होता, मला वाटलं लाइन खराब आहे.

"आठ वर्सांची झाली. सांगितलास काय?"

"पुढच्या सुट्टीत सांगतो, बुबू. इंशाल्ला."

"सलीम, इंशाल्ला अल्लाचा नाव हाय. तुजी सबब नाय."

मी हसलो. तू हसली नाहीस. मग म्हणालीस, "बरा. जेवलास काय?" आणि मी काय जेवलो ते सांगत बसलो, पापलेट मिळालं, नसीमनं कालवण केलं. तू अंथरुणाला खिळली होतीस आणि मी तुला माशाचं कालवण सांगत होतो. भावजींनी नंतर सांगितलं, फोनपर्यंत तुला दोघी पोरींनी धरून नेलं होतं.

जियारतीच्या दुसऱ्या दिवशी शमीम परसात मला चहा द्यायला आली. तुझी थोरली, आता स्वतः दोन लेकरांची आई. तिनं कप दिला आणि तिथेच उभी राहिली.

"मामू, राबियाची परीक्षा मे महिन्यात असते. तुमीच मागच्या पत्रात लिवलेलात."

मी कप खाली ठेवला.

"आईला म्हाईत होता."

"काय?"

"पासपोर्टातला. तुमी बॅग उघडी ठेवून मशिदीत गेल्लात. मी सातवीत होते, इंग्रजी शिकायला लागलेली. राबियाचा फोटो बघायला उघडला नि तुमचा नाव वाचला. आईला जाऊन सांगितला."

बुबू, मी तिला विचारलं, त्यावर तू काय म्हणालीस.

"मग म्हनाली, कुनाला बोलू नकोस, बापाशी तर नायच. सलीमला लाज वाटंल. मी म्हटला, मामू खोटा बोलला ना तुज्याशी? तर म्हनाली, मामू खोटा नाय. भित्रा हाय. भित्र्याला वक्त लागतो."

बुबू, म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी तू राबियाला माझ्या हातात दिलीस ती माहीत असून. पासपोर्ट माझ्या खिशात होता, आणि त्यात काय लिहिलंय हे तुला ठाऊक होतं. तू बॅग डोक्यावर घेऊन एस्टीपर्यंत आलीस. हात हलवत राहिलीस. सात वर्षं दर शुक्रवारी धावत आलीस फोनवर, आणि मी जे सांगेन ते ऐकलंस. मला आता कळत नाही, त्यातलं किती खरं मानलंस. वारा घालत होतीस तेव्हाही तुला कळलं होतं का? हे मी कुणाला विचारू? तू ओरडली असतीस तर बरं झालं असतं. भावजींना सांगून पासपोर्ट फाडायला लावला असतास तर मी तुझा राग धरला असता, आणि राग धरणं सोपं असतं. तू मला वेळ दिलास. मी तो सगळा वापरला, एक दिवस शिल्लक न ठेवता, आणि तू संपलीस.

भावजींना अजून सांगितलेलं नाही. तुझ्या चाळिसाव्या दिवसाला आम्ही तिघं येतोय, तेव्हा सांगेन, त्यांच्या समोर बसून. त्यांचं नाव त्यांना परत द्यायचं म्हणजे कागद बदलायचे, आणि कागद बदलले तर राबिया माझ्या व्हिसावर इथे राहू शकेल की नाही, मला माहीत नाही. जासिमला विचारता येईल. दोनदा त्याच्या टेबलापाशी गेलो आणि दुसरंच काही बोलून परत आलो. भीती गेलेली नाही, बुबू. तिला लपवत नाही इतकंच. भावजी म्हणाले पोरगी गावातच राहू दे, तर मी 'नाही' म्हणणार नाही. नसीमशी बोललो. तिनं मान हलवली आणि नळ सोडून भांडी घासायला घेतली. घासलेलीच भांडी होती.

राबियाला मात्र सांगितलं. तेवढं केलं.

परवाच्या शुक्रवारी. जेवणं झाली होती, नसीम माझ्या शेजारी बसली होती. मी मराठीत सांगितलं, सगळं, पासपोर्टासकट, फोटोसकट, त्या दुपारी मी काय बोललो त्यासकट. राबिया टेबलावर नखानं रेघा ओढत ऐकत होती. ती रडेल असं वाटलं होतं, ती रडली नाही. तिनं विचारलं, शमीमआपा म्हणजे माझी सख्खी बहीण का. हो म्हटलं. मग तिनं बोटांवर तिघींची नावं मोजली. मग नसीमकडे वळून, "अम्मी, यू न्यू?" नसीम म्हणाली, "हो बाय, माहीत होतं." नसीमनं पुढे केलेला हात राबियानं झटकला नाही, पण धरलाही नाही, तो तसाच टेबलावर पडून राहिला.

खाली रस्त्यावर गाड्यांचे हॉर्न चालले होते. मग तिनं माझ्याकडे न बघता विचारलं, आईला माहीत होतं का, की मला माहीत नाहीये?

तिनं 'आई' म्हटलं, बुबू. मी शिकवलं नाही, नसीमनं आठवण केली नाही. तिचं तिनं म्हटलं.

मी म्हणालो, हो. तिला माहीत होतं.

"मग ती वाट बघत होती," राबिया म्हणाली.

मी हो म्हणालो.